सासर, अस्वल आणि यम: भाषांची आणि पुराणकथांची समान मुळं कशी शोधायची

संस्कृतातला पितृ, लॅटिनमधला पातेर, इंग्रजीतला फादर ही तिकडी बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेली असते. तिथून दोन वाटा फुटतात. एका वाटेनं गेलेला माणूस दिसेल त्या शब्दाला दिसेल तो शब्द जोडत सुटतो आणि ‘अब्राहम म्हणजे ब्रह्मा’ इथपर्यंत पोहोचतो. दुसरी वाट संथ आहे. तिला वही लागते, कोश लागतात, पुष्कळ खोडाखोड लागते. पण तिथं जे हाती येतं ते दुसऱ्यानं तपासलं तरी टिकतं. हा लेख त्या दुसऱ्या वाटेचा आहे, आणि मराठी बोलणाऱ्याला लागणारं निम्मं साहित्य त्याच्या घरातच आहे.

सुरुवातीलाच एक तत्त्व पक्कं करून घ्या. दोन शब्द सारखे दिसतात एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही. दोन भाषांमध्ये एकच फरक अनेक शब्दांत नेमानं दिसला, तर नातं सिद्ध होतं. विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या बहुधा आज अस्तित्वात नसलेल्या एकाच मुळातून आल्या असाव्यात. ती एक नजर होती. पुरावा उभा राहिला तो पुढच्या शंभर वर्षांत फ्रान्झ बॉप, रास्मुस रास्क, याकोब ग्रिम यांनी ध्वनींचे आणि रूपांचे हिशेब मांडल्यावर.

पहिली पायरी: विषय लहान घ्या

‘प्राचीन संस्कृतींचा अभ्यास करायचाय’ म्हणून बसलात तर महिन्याभरात वही बंद होईल. नातेवाइकांचे शब्द घ्या, एक ते दहा आकडे घ्या, नाहीतर शरीराचे अवयव घ्या. हे शब्द भाषा सहसा दुसरीकडून उसने घेत नाही, म्हणून ते जुने राहतात. धर्म, तत्त्वज्ञान, राज्यकारभार यांचे शब्द फार फिरतात, ते सुरुवातीला टाळाच.

वहीत सहा रकाने आखा: आजचा मराठी शब्द, जुनं मराठी रूप, प्राकृत, संस्कृत, बाहेरच्या भाषा, आणि शेरा. शेवटचा रकाना रुंद ठेवा. तिथं ‘का’ आणि ‘कशावरून’ लिहायचं आहे.

मी स्वतः नवख्याला सासरपासून सुरुवात करायला सांगतो. कारण पुढे येईल.

दुसरी पायरी: मराठी शब्द मागे नेत जा

शिकागो विद्यापीठानं दक्षिण आशियाई भाषांचे कोश इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. त्यातले चार आपल्या कामाचे: मोल्सवर्थचा मराठी कोश, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश आणि बरो-एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश जुन्या ग्रंथालयांत मिळतो. तोही जवळ ठेवा, पण टर्नरशी ताडून पाहिल्याशिवाय एकाच कोशावर विसंबू नका.

आता शब्द चढवायला लागा. हात, प्राकृतात हत्थ, संस्कृतात हस्त. सात, सत्त, सप्त. आठ, अट्ठ, अष्ट. कान, कण्ण, कर्ण. दूध, दुद्ध, दुग्ध. पाचसहा शब्द एकाखाली एक लिहिले की आकृती आपोआप दिसते. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात द्वित्त होतं, आणि मराठीत ते द्वित्त सुटं होऊन त्याच्या आधीचा स्वर लांबतो. असा नियम हाती लागला की अनोळखी शब्दाचं मागचं रूप तुम्ही आधीच ताडू शकता आणि मग कोशात पडताळू शकता.

इथं एक सावधगिरी. मराठीत एकच मूळ शब्द अनेक दारांनी आलेला असतो. सात घरातून वारशानं आला. सप्ताह थेट संस्कृतातून उचलला. हफ्ता फारसीतून आला. फारसीत सातला हफ्त म्हणतात. आणि सप्टेंबर युरोपातून आला. रोमन लोकांच्या जुन्या पंचांगात तो सातवा महिना होता, लॅटिन सेप्तेम म्हणजे सात. गावात अखंड हरिनाम सप्ताह सप्टेंबरच्या पहिल्या हफ्त्यात सात दिवस चालला, तर त्या एका वाक्यात एकाच शब्दाची चार रूपं बसलेली असतात. चौघांचं मूळ एक, पण यातला फक्त सात हा मराठीच्या वंशाचा पुरावा आहे. बाकीचे तीन संपर्काचे पुरावे आहेत. शेऱ्यात वारसा की उसनवारी हे प्रत्येक शब्दापुढे लिहायची सवय लावा. अर्ध्याहून अधिक चुका इथंच टळतात.

तिसरी पायरी: आधी शेजारी, मग परदेश

ग्रीकपर्यंत उडी मारायची घाई करू नका. नियम म्हणजे काय हे हाताला कळायचं असेल तर मराठीशेजारी हिंदी ठेवा. खेत आणि शेत. मक्खी आणि माशी. ईख आणि ऊस. कोख आणि कूस. चारही ठिकाणी संस्कृतात क्ष आहे: क्षेत्र, मक्षिका, इक्षु, कुक्षि. हिंदीनं क्षचा ख केला, मराठीनं छमार्गे श किंवा स केला. ‘शेत’ आणि ‘खेत’ यांत पहिला ध्वनी अगदी वेगळा आहे, तरी नातं पक्कं. कारण तोच फरक पुन्हा पुन्हा येतो.

मग अपवाद गोळा करा, कारण खरं शिक्षण तिथं आहे. मराठीत लाख आहे, लास नाही. राखणे आहे. उलट हिंदीत अस्वलाला रीछ म्हणतात, तिथं ख यायला हवा होता. असे शब्द दिसले की नियम मोडला असं समजू नका. बोली एकमेकींत मिसळतात, व्यापाराचे शब्द एका प्रांतातून दुसऱ्यात जातात. प्रत्येक अपवादाला कारण शोधायचं, आणि सापडलं नाही तर शेऱ्यात प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जायचं.

चौथी पायरी: सासरची पाच माणसं

आता बाहेर पडा. सासरा म्हणजे श्वशुर. लॅटिनमध्ये सोकेर, ग्रीकमध्ये हेकुरोस, रशियनमध्ये स्व्योकर. सासू म्हणजे श्वश्रू. लॅटिनमध्ये सोक्रुस, रशियनमध्ये स्वेक्रोव, आणि जर्मन शिकणाऱ्यांना ठाऊक असलेल्या श्वीगरमुटरमधला श्वीगर तोच. दीर म्हणजे देवृ. ग्रीक दाएर, लॅटिन लेविर, रशियन देवेर, लिथुआनियन दिएवेरिस. सून म्हणजे स्नुषा, प्राकृतात सुण्हा. लॅटिन नुरुस, ग्रीक नुओस, रशियन स्नोखा. आणि जाऊ, जिला इतर भाषांत शब्दच सापडत नाही असं आपल्याला वाटतं, ती संस्कृतातली यातृ. प्राचीन ग्रीक महाकवी होमरच्या ग्रीकमध्ये एइनातेरेस म्हणजे जावा, लॅटिनमध्ये यानित्रिकेस.

ही यादी एकदा सलग वाचा. सगळी नवऱ्याच्या घरची माणसं आहेत. रशियनमध्ये स्व्योकर म्हणजे फक्त नवऱ्याचा बाप. बायकोच्या बापाला वेगळाच शब्द आहे. होमरच्या ग्रीकमध्येही तसंच. संस्कृतात मात्र श्वशुर दोघांनाही चालू लागला, मराठीत सासराही तसाच. मूळ भाषेत बायकोच्या माहेरच्या माणसांसाठी असे पक्के समान शब्द जवळजवळ हाती लागत नाहीत. यावरून अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष असा, की ही मूळ भाषा बोलणाऱ्या समाजात मुलगी लग्न करून नवऱ्याच्या घरी जायला निघायची आणि तिथल्या माणसांना काय म्हणायचं याची तिला गरज पडायची. घराची मांडणी शब्दांत उरली. जाऊबाईंना हाक मारणाऱ्या बाईच्या तोंडी काही हजार वर्षांचा शब्द आहे, हे मला कुठल्याही शिलालेखाइतकंच मोलाचं वाटतं.

न जुळणारे शब्दही नोंदवा. नवऱ्याच्या बहिणीला लॅटिनमध्ये ग्लोस, ग्रीकमध्ये गालोस, रशियनमध्ये झोलोव्का म्हणतात. आपली नणंद, म्हणजे ननान्दृ, या रांगेत बसत नाही. ती वेगळी उभी आहे, आणि तिला ओढूनताणून रांगेत बसवायचं नाही.

जर्मन येत असेल तर एक सुंदर पडताळा घरबसल्या करता येतो. जर्मनमध्ये बाप फाटर, आई मुटर, पण भाऊ ब्रूडर. पहिल्या दोघांत ट, तिसऱ्यात ड. मूळ तिघांतही त होता, संस्कृतात पितृ, मातृ, भ्रातृ असा तो स्पष्ट दिसतो. जर्मन कुळातल्या भाषांत मूळ व्यंजनं ठरावीक रीतीनं बदलतात, या ग्रिमच्या नियमाप्रमाणे तिघांचं एकच व्हायला हवं होतं. हे कोडं १८७० च्या दशकात कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकानं सोडवलं, आणि किल्ली वेदपाठात होती. ऋग्वेदाची सस्वर छापील प्रत उघडा. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे अनुदात्त, डोक्यावर उभी रेघ म्हणजे स्वरित, काहीच खूण नाही ते उदात्त, म्हणजे आघाताचं अक्षर. ‘पिता’ आणि ‘माता’ या शब्दांत आडवी रेघ पहिल्या अक्षराखाली असते, म्हणजे आघात दुसऱ्यावर. ‘भ्राता’मध्ये पहिलं अक्षर उदात्त आणि उभी रेघ दुसऱ्याच्या डोक्यावर. तचं पुढे काय झालं हे आघात त्याच्या लगेच आधीच्या स्वरावर होता की नव्हता यावर ठरलं. जर्मन भाषेनं तो जुना आघात कधीच टाकून दिला होता. वैदिकांनी तो तोंडपाठ करून पिढ्यान् पिढ्या जपला.

मधला मुक्काम: संस्कृत आई की बहीण?

हा प्रश्न येणारच, तेव्हा त्याचं उत्तर भावनेनं न देता शाळेतल्या संस्कृतनं द्या. लिट् लकारात, म्हणजे परोक्ष भूतकाळात, धातूचं पहिलं अक्षर दुणावतं: पठ् पपाठ, दृश् ददर्श. मग कृचं ‘ककार’ का नाही, ‘चकार’ का? गम् ‘जगाम’ का? पाणिनीनं ‘कुहोश्चुः’ हा नियम दिला, म्हणजे काय घडतं ते अचूक टिपलं. का घडतं ते ग्रीकशेजारी ठेवल्यावर कळतं. ददर्शचा ग्रीक भाऊ देदोर्का आहे. दुणावलेल्या अक्षरात तिथं ए आहे. संस्कृतातही एके काळी तिथं एसारखा स्वर होता. त्या स्वरापुढे क चा च झाला, ग चा ज झाला, आणि मग तो स्वर स्वतःच अ मध्ये विरघळला. मागे उरला तो च. म्हणजे ग्रीकनं स्वर राखला, संस्कृतनं त्या स्वराचा व्यंजनावर उठलेला ठसा राखला. दोघीही बहिणी, आणि प्रत्येकीनं आईचं काहीतरी वेगळं सांभाळलं. यात संस्कृतला कमीपणा नाही. आईचं रूप पुन्हा जुळवताना तिच्यावाचून पान हलत नाही.

पाचवी पायरी: चाळण

गोळा केलेल्या प्रत्येक जोडीला चार प्रश्न विचारा.

योगायोग आहे का? ग्रीक थेओस आणि लॅटिन देउस, दोन्हींचा अर्थ देव, दोन्ही सारखे ऐकू येतात, आणि दोघांचा संबंध नाही. देउस हा आपल्या देवचा भाऊ. थेओसचं मूळ निराळं. फारसीत बद म्हणजे वाईट, इंग्रजीतही बॅड म्हणजे वाईट, संबंध शून्य.

बाळबोली आहे का? मामा, बाबा, पापा, दादा असे शब्द जगभर आपोआप तयार होतात. ते पुरावा म्हणून बाद.

अर्थ आणि शब्दाची घडण जुळते का? अब्राहमचं आधीचं नाव अब्राम, ते हिब्रू. त्यात अव म्हणजे पिता आणि राम म्हणजे उंच, थोर. ब्रह्मन् शब्द बृह् धातूशी जोडला जातो. दोन्ही शब्द आपापल्या घरात नीट उलगडतात, मग त्यांना एकत्र बांधायचं कारण उरत नाही.

आणि चौथा, मराठीपुरता सर्वांत महत्त्वाचा: शेजारच्या कुटुंबातून आलाय का? अक्का, अण्णा हे द्राविडी शब्द आहेत, कन्नड-तमिळमध्ये रोजचे. आत्याशेजारी कन्नडची अत्ते ठेवा. तिथं अत्ते म्हणजे आत्याही आणि सासूही, कारण आतेभावाशी लग्न होत आलं, मग आत्याच सासू. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांतही मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आहे. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवर लिहिताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला प्रदेश म्हणून पाहिलं, ते शब्दांतही दिसतं: सासरा-दीर-जाऊ उत्तरेच्या वंशाचे, अक्का-अण्णा दक्षिणेचे, आणि सगळे एकाच ओसरीवर. समान मुळं शोधणारा माणूस फक्त युरोपकडे पाहत बसला तर मराठीचा निम्मा इतिहास त्याच्या नजरेतून निसटेल.

सहावी पायरी: वस्तूंवरून काळ

बैलाच्या मानेवरचं जू म्हणजे युग. लॅटिन युगुम, ग्रीक झुगोन, इंग्रजी योक, आणि तुर्कस्तानात एके काळी बोलल्या जाणाऱ्या हित्ती भाषेत युगन. चाक म्हणजे चक्र. ग्रीक कुक्लोस, इंग्रजी व्हील. पृथ्वीचा आस म्हणजे अक्ष, लॅटिन आक्सिस. चाकाचे सर्वांत जुने पुरावे ख्रिस्तपूर्व ३५००च्या आसपासचे आहेत. शब्द बहुतेक शाखांत समान, तर त्या शाखा पूर्ण फुटण्याआधी चाक माहीत होतं. पुरातत्त्व आणि भाषा यांची गाठ अशी घालायची. एका शब्दावर नाही, शब्दांच्या जुडग्यावर.

सातवी पायरी: आता कथा

कथा शब्दांपेक्षा सहज प्रवास करतात, म्हणून इथं पुराव्याची प्रत लावावी लागते. मी तीन प्रती लावतो. पहिली: देवतेचं नावही जुळतं आणि कथाही. दुसरी: नाव नाही, पण कथेतला नेमका शब्दप्रयोग जुळतो. तिसरी: फक्त कथेचा साचा जुळतो. तिसऱ्या प्रतीवर कधीही इमारत बांधू नका. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली मनूची महापुराची कथा आणि मेसोपोटेमियातली गिल्गमेशची पुराची कथा यांचं साम्य तिसऱ्या प्रतीचं आहे. ते वंशाचं असेल, उसनं असेल किंवा नद्यांकाठच्या दोन समाजांना स्वतंत्रपणे सुचलेलं असेल.

पहिल्या प्रतीचं सर्वांत स्वच्छ उदाहरण द्यौष्पितर्: ग्रीक झेउस पातेर, लॅटिन युप्पितेर. उषस्, ग्रीक एओस, लॅटिन आउरोरा हे दुसरं.

शब्दाकडून कथेकडे कसं जायचं ते अस्वलावरून दाखवतो, कारण हे उदाहरण मला फार आवडतं. अस्वल हा शब्द प्राकृतातल्या अच्छभल्लपासून आला. अच्छ म्हणजे ऋक्ष. क्षचा छ आणि पुढे स, तिसऱ्या पायरीचा तोच नियम. ऋक्ष म्हणजे ग्रीक आर्क्तोस, लॅटिन उर्सुस, हित्ती हर्तग्ग. आता ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं चोविसावं सूक्त काढा. दहाव्या ऋचेत प्रश्न आहे: उंचावर ठेवलेले हे ऋक्ष रात्री दिसतात, ते दिवसा कुठे जातात? आणि शतपथ ब्राह्मण सांगतं, की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. ग्रीक लोक त्याच तारकासमूहाला आर्क्तोस म्हणजे अस्वल म्हणत; होमरच्या दोन्ही महाकाव्यांत ते नाव आहे. आर्क्टिक महासागराचं नाव त्याच अस्वलावरून पडलं, कारण ते उत्तरेला दिसतं. भारतात ऋक्षचे ऋषी झाले आणि अस्वल आकाशातून उतरलं. शब्द जुळतो, तारे तेच आहेत, आणि जुन्या ग्रंथाची साक्ष आहे. तीन वेगळे धागे एका जागी येतात तेव्हा निष्कर्ष लिहायला हरकत नाही.

कथा नेहमी सर्वांत जुन्या थरातून वाचा. रेड्यावर बसलेला, हाती दंड घेतलेला यम डोळ्यापुढे असेल तर तुलना चुकते. ऋग्वेदातला यम विवस्वताचा मुलगा आहे, मेलेला पहिला माणूस, ज्यानं पुढच्यांसाठी वाट शोधली. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथात विवन्ह्वंताचा मुलगा यिम आहे, सुवर्णकाळाचा राजा. अवेस्ताचा भाग असलेल्या यस्नाच्या नवव्या अध्यायात हओम, म्हणजे आपला सोम, प्रथम गाळणारा म्हणून त्याच्या बापाचं नाव येतं. बापाचं नाव, मुलाचं नाव आणि पेयाचं नाव, तिन्ही ठरलेल्या नियमांनीच जुळतात; सोमचा हओम होतो तसाच सप्तचा हप्त, असुरचा अहुर. यम म्हणजे जुळा. ऋग्वेदात त्याची बहीण यमी आहे, आणि पहलवी, म्हणजे मधल्या काळातल्या फारसी ग्रंथांत जमची, म्हणजे यिमची, जुळी बहीण जमग. दहाव्या मंडलात यमी त्याच्याजवळ मागणं घालते आणि तो नाकारतो. पुढे पुराणांत यमी यमुना झाली, आणि यम तिच्या घरी जेवायला जातो ती तिथी यमद्वितीया, आपली भाऊबीज. इराणात यिमला क्षएत हे विशेषण लागलं आणि त्याचं जमशेद झालं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या नावातला पहिला जे जमशेटजींचा, म्हणजे यिमचा आणि यमाचा.

याच यमाजवळ दोन कुत्रे आहेत, चार डोळ्यांचे, शबल म्हणजे ठिपकेदार रंगाचे. अवेस्तात मृतात्म्याच्या चिन्वत पुलाशी कुत्रे आहेत, आणि पारशी अंत्यविधीत प्रेताला कुत्रा दाखवतात, त्याला सगदीद म्हणतात. ग्रंथात त्यासाठी ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा सांगितलाय, म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके असलेला. भारत आणि इराण यांच्यापुरता हा भक्कम पुरावा. ग्रीकांचा नरकाच्या दारावरचा केर्बेरोस मात्र शबलशी नावानं जोडताना ध्वनिनियम कुरकुरतात, म्हणून तो तिसऱ्या प्रतीत ठेवायचा.

दुसऱ्या प्रतीचं उदाहरण: ऋग्वेदात इंद्र वृत्राला मारतो तिथं ‘अहन्नहिम्’, सर्पाला मारलं. अवेस्तात थ्रएतओन हा वीर तीन तोंडांच्या अझि दहाकाला मारतो तिथं ‘जनत् अझीम्’. हन् आणि जन् एकच धातू, अहि आणि अझि एकच नाम. तसंच ऋग्वेदातलं ‘श्रवः अक्षितम्’ आणि होमरचं ‘क्लेओस आफ्थितोन’: न झिजणारी कीर्ती, शब्दाला शब्द. कवींची परंपराच समान होती असं यावरून म्हणता येतं.

देव आणि असुर यांच्याबाबत घाई नको. अवेस्तात अहुर पूज्य आणि दएव दुष्ट. आपल्याकडे नंतर उलट झालं. पण ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटलंय. दोन टोळ्यांचं भांडण झालं नि देव वाटून घेतले, अशी तयार गोष्ट त्यावर रचू नका.

आठवी पायरी: तारखेचा पुरावा, आणि पायपीट

मौखिक ग्रंथांना तारीख नसते, म्हणून कोरलेला मजकूर शोधावा लागतो. तुर्कस्तानातल्या बोगाझ्कोय इथं, हित्ती राजधानीच्या जागी, मातीच्या विटांवर एक तह सापडला. ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकात हित्ती राजा सुप्पिलुलिउम आणि सिरियाच्या बाजूच्या मितान्नी राज्याचा शत्तिवाझ यांच्यात तो झाला. मितान्नीच्या बाजूच्या साक्षीदार देवांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य, म्हणजे अश्विनीकुमार, आहेत. तिथल्याच किक्कुलीच्या घोडे तयार करण्याच्या ग्रंथात फेऱ्यांचे आकडे आहेत: ऐक, पंझ, सत्त. सत्तमधला स शाबूत आहे, इराणीसारखा ह झालेला नाही. आणि एकासाठी जुन्या इराणीत ऐव असतं, इथं ऐक आहे. ही भारतीय शाखेची बोली, आणि ती सिरियाच्या बाजूला.

आता नाणेघाट चढा. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या त्या वाटेवरच्या लेण्यात सातवाहनांचा प्राकृत लेख आहे, सुमारे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला. सुरुवातीच्या नमनात इंद्र आहे, संकर्षण-वासुदेव आहेत, चंद्र-सूर्य आहेत, आणि चार लोकपाल: यम, वरुण, कुबेर, वासव. बोगाझ्कोयच्या विटेवरची दोन नावं, इंद्र आणि वरुण, सह्याद्रीच्या दगडावर. जाण्याआधी ब्राह्मीची मुळाक्षरं शिका, दोनतीन आठवड्यांत येतात. अक्षरं झिजलेली आहेत, तेव्हा छापील वाचन सोबत न्या आणि तिरप्या उन्हात पाहा. खडूनं किंवा पाण्यानं अक्षरं उठवायचा प्रयत्न कधीही करू नका.

मुंबईकरांना बोरिवलीची कान्हेरी लेणी जवळ. तिथं ब्राह्मीतले प्राकृत लेख आहेत, आणि अकराव्या शतकाच्या सुरुवातीला येऊन गेलेल्या पारशांनी पहलवीत कोरलेली नावंही. फोर्टमधली कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट इराणी ग्रंथांसाठी, पुण्यातलं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि डेक्कन कॉलेज संस्कृत-प्राकृतासाठी. वाचायला जाण्याआधी नेमका प्रश्न कागदावर लिहून न्या. ‘यमाविषयी काही आहे का’ असं विचारलंत तर काहीच हाती लागणार नाही.

दोन इशारे

भाषेचं नातं म्हणजे रक्ताचं नातं नव्हे. भाषा लग्नानं, व्यापारानं, सत्तेनं बदलतात. गोव्यातला पोर्तुगीज बोलणारा माणूस लिस्बनहून आलेला असेलच असं नाही. जनुकं, मडकी आणि शब्द हे तीन वेगळे साक्षीदार आहेत, प्रत्येकाची उलटतपासणी वेगळी करायची. आणि लिपी म्हणजे भाषा नव्हे. मराठी मोडीत लिहिली काय नि देवनागरीत लिहिली काय, वंश तोच.

सरावासाठी

विधवा, नख, दार आणि मध हे चार शब्द घ्या. विधवाशेजारी लॅटिन विदुआ, रशियन व्दोवा आणि इंग्रजी विडो मांडा, आणि मराठीत हा शब्द वारशानं आला की संस्कृतातून उचलला ते ठरवा. नखाशेजारी लॅटिन उंग्विस आणि ग्रीक ओनुक्स ठेवा. इथं नुसतं ऐकून नातं कळणार नाही. दार आणि दरवाजा यांचं मूळ एकच आहे, पण दोघं वेगवेगळ्या वाटांनी आले. त्या वाटा शोधा. मधाशेजारी ग्रीक मेथु, रशियन म्योद, इंग्रजी मीड, मध्य आशियातल्या तोखारी भाषेतला मित आणि चिनी भाषेतला मी लिहा. यातले पाच वारशाचे, एक उसना. कोणता, कोणाकडून आणि कशावरून, ते शेऱ्यात लिहा.